पिवळं पडलेलं पांढरं

आश्विनातलं स्वच्छ ऊन, निळीचा थंडगार वास आणि खळीने कडक होऊन दोरीवर वाऱ्यासरशी फुगणारी माझी पांढरी वायलची साडी. लालबागच्या आमच्या चाळीतला तो रविवार आठवला की आजही माझी मान खाली जाते. संपाला दोन वर्षं उलटली होती. तो मिटला असं कुणी सांगितलं नव्हतं, पण समोरच्या गिरणीचं धुराडं मुकं झालं होतं आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर आता काजळीचा कणही पडत नव्हता. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात बाबा आणि मी दोघंच. गिरगावातल्या माझ्या कचेरीच्या नोकरीवर आमचं भागत होतं, आणि त्याचा एक सूक्ष्म ताठा माझ्याही नकळत माझ्या आवाजात उतरला होता.

बाबा गिरणीत कापड तपासायचे. दुधाचा पांढरा वेगळा आणि शंखाचा वेगळा, हे त्यांना ताग्यावरून नुसती नजर फिरवताच कळे. काम गेलं तरी ती नजर आपल्यापाशी उरली आहे, एवढंच समाधान त्यांच्या रिकाम्या दिवसांना होतं.

त्या दिवशी ते माझ्या साडीपाशी थांबले, डोळे चोळले, पदर बोटांत धरून उन्हाकडे वळवला आणि आपल्या मालवणीत म्हणाले, "ह्यां पिवळां कित्याक दिसतां गो?"

शेजारणी वळून पाहू लागल्या. आठवड्याची एकुलती सुट्टी मी मोरीत कपडे घासण्यात घालवलेली. "गिरणी बंद झाली बाबा," मी म्हणाले, "आता तुमची तपासणीपण बंद करा."

कुणीतरी हसलं. बाबांनी पदर हलकेच सोडला, जणू त्याला डाग लागेल, आणि ते आत जाऊन बसले.

त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं. दोन घास खाऊन ते ताट सरकवत, आणि मला वाटे, हा रुसवा. मीही हट्टाला पेटले. समजूत काढली नाही. हृदयासाठी त्यांना कित्येक वर्षं एक छोटी गोळी चालू होती, ती मात्र रोज सकाळी त्यांच्या तळहातावर ठेवत राहिले. ती मी कधीही चुकवली नाही, याचा मला केवढा अभिमान!

पाचव्या दिवशी सकाळी ते उलटी करून मोरीपाशीच खाली बसले. मनगट धरलं, तर एका ठोक्यानंतर दुसरा येईल की नाही अशी धास्ती वाटावी इतकी संथ नाडी. शेजाऱ्यांनी टॅक्सी आणली.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासण्या झाल्यावर मला शांतपणे समजावलं. औषध काम करतं, तसं ते शरीराबाहेरही जावं लागतं. हे औषध बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं. बाबांची मूत्रपिंडं हळूहळू थकत गेली होती आणि गोळी मात्र तेवढीच राहिली होती. कालची पुरती निघून जाण्याआधीच आजची तिच्यात मिसळे, आणि औषधाचं असं साचत साचत विष झालं होतं. "जेवण तुटतं ते त्यानेच," त्या म्हणाल्या. मग बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, "आजोबा, सगळं पिवळं पिवळं दिसत होतं का? कुणाला बोलला होता?"

मी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दिसत होतं. पण मी कोणाला बोललो नाय."

"बोलायला हवं होतं हो," बाई म्हणाल्या, आणि तो ठपका माझ्या वाटचा होता. तो मी बाबांना घेऊ दिला.

गोळी काही दिवस थांबली, मग अगदी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली. नजरेतला पिवळेपणा ओसरला. बाबा घरी आले, जेवू लागले, त्यानंतर काही वर्षं जगलेही. माफी मागायला मला त्यांतला फक्त एक दिवस सापडला. तोही माफीचा नव्हे, प्रश्नाचा. शेंगा सोलत बसलो होतो. मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे माझ्यापुढे ठेवले. "खोटां खंय? तुका सांगलंय, म्हणजे कोणाक सांगलंय काय गो?"

तू परकी थोडीच, असं त्यांना म्हणायचं होतं, की तुला सांगणं आणि कुणालाच न सांगणं सारखंच होतं, हे विचारायचा धीर मला तेव्हा झाला नाही. आवाजात माया होती, एवढं नक्की.