पेरूचा वास

नाशिकजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोघं दुपारी जेवायला गेलो होतो. वाइनची यादीच वहीएवढी जाड होती. आमचा गोंधळ पाहून वाइन सुचवणारे साठीचे गृहस्थ जवळ आले. पेल्यात थोडी पांढरी वाइन ओतून म्हणाले, "आधी वास घ्या. पेरू आठवेल."

बायकोने पेला नाकाशी नेला. "अगंबाई, खरंच की!"

"आला ना?" त्यांनी इतक्या अधीरपणे विचारलं, की आम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग ते हळूच म्हणाले, "तापानंतर मला वास येईनासा झाला. दोन वर्षं झाली. आता आठवणीवरच सांगतो."

आपल्याला पारखं झालेलं सुख रोज दुसऱ्याच्या हाती द्यायचं, आणि ते अजून तसंच आहे ना, एवढंच विचारायचं! वय झाल्यावर बहुतेकांच्या वाट्याला हेच येत असावं.

बायकोने पेला पुन्हा उचलला. डोळे मिटून सावकाश सांगू लागली, "अगदी पिकलेला नाही हं. जरा करकरीत. आणि मागून ओल्या गवतासारखं काहीतरी."

ते बाटली छातीशी धरून ऐकत होते. शेजारच्या टेबलावरून आलेली हाक त्यांना ऐकूच गेली नाही.