पडद्याआडचा उजेड

आमच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग चालवणारी एक तरुण संशोधक होती. तिला सगळे ‘दारबंद’ म्हणायचे. कुणीही आत पाऊल टाकलं की हिचा प्रश्न ठरलेला, “दार लावलं का? फोन बाहेर ठेवला का?” लेसर सांभाळणारा मी वयाने तिच्या दुप्पट, पण मलाही सूट नाही. मी वैतागायचो, पण तिचं बरोबर होतं. आमचा कॅमेरा एकेक अणू मोजतो. त्याला काजव्याएवढा उजेडही खपत नाही.

काम सांगायला सोपं, करताना घाम फोडणारं. गारठवलेल्या अणूंच्या दोन जुळ्या रांगा करायच्या आणि एकमेकींशी ताडून बघायच्या. अख्ख्या रांगा जुळल्या, पण त्यांचे अर्धे तुकडे काही केल्या जुळेनात, म्हणजे अणू एकमेकांत खरोखर गुंतलेत. अख्ख्याच जुळल्या नाहीत, तर कसला गुंता नि कसलं काय! म्हणजे कुठूनतरी घाण शिरली, उजेडाची नाहीतर आणखी कशाची.

महिनाभर अख्ख्याच जुळत नव्हत्या. आज नाही जमलं, तर उद्यापासून प्रयोगाचं टेबल दुसऱ्या गटाला आणि हिची नोकरी संपली. सगळं तपासून झालं होतं.

तेवढ्यात काळ्या पडद्याआड तिच्या हनुवटीवर मला निळसर उजेड दिसला.

“अगं बये, हे काय?” मी खेकसलोच.

तिच्या मांडीवर फोन होता. फोनमध्ये, घरी बसवलेल्या कॅमेऱ्यातून, पलंग दिसत होता, पलंगावर तिचे वडील. महिन्यापूर्वीच्या लकव्यानंतर आपल्याला उभं राहता येत नाही, हेच ते विसरायचे. उठायला लागले की ही पुटपुटायची, “बाबा, झोपून राहा हं,” आणि ते मुकाट्याने आडवे व्हायचे. घरी तिसरं कुणी नाही. शेजारच्या काकू यायच्या त्या संध्याकाळी.

“हा फोन आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो,” ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. तिच्या लेखी ते बाबाच होते.

“एकच फेरी,” असं म्हणून तिने स्वतःच तो बंद केला. बाबा एकटे आहेत हे ठाऊक असूनही मी लेसर सुरू केला.

अख्ख्या रांगा जुळल्या. अर्धे तुकडे जुळले नाहीत. महिनाभरात पहिल्यांदा आकडा लख्ख आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती मात्र केव्हाच पडद्याबाहेर जाऊन फोन पुन्हा सुरू करत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. पलंग रिकामा होता. चादर अर्धी जमिनीवर ओघळलेली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “झोपून राहा हं.”