टपालात न पडलेला अर्ज

त्या शनिवारपर्यंत जी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती ती आधी लिहितो, म्हणजे प्रवासाचं पुढे सांगता येईल. माझी पत्नी सुमन वेल्हे तालुक्यात पासलीच्या शाळेत शिक्षिका आहे. पुण्याला बदली मागणारा तिचा अर्ज मी टपालात टाकलाच नव्हता.

आमची वाटणी लग्नापासूनची. बोलणं तिचं, लिहिणं माझं. ती एसटीत शेजारी बसलेल्या बाईशी नारायणपेठी साडीपासून नणंदेपर्यंत सगळं बोलून घेते. मी सरकारी कचेरीतला कारकून, दिवसाकाठी दहा वाक्यं झाली तर फार. तिचं अक्षर तिला स्वतःलाही लागत नाही. म्हणून अर्ज तिनं सांगितला, मी लिहिला, आणि टाकायलाही माझ्याकडेच राहिला. पुण्यात तिची आई अंथरुणाला खिळली होती. पण सुमन नसताना आमच्या पुण्याच्या घरात जी शांतता असे तिची मला चटक लागली होती. आपले स्वभाव जुळत नाहीत, लांबूनच बरं, अशी समजूत घालून मी पाकीट खणात ठेवलं. "नामंजूर झालेला दिसतो," म्हणालो. वर्षाच्या आत आई गेली. तेराव्याला तिचे थोरले भाऊ वसंतराव चारचौघांत तिला म्हणाले, "नोकरी आईपेक्षा मोठी झाली तुला." मी शेजारी उभा होतो.

मार्गशीर्षातल्या त्या शनिवारी सांगायचं ठरवून निघालो. पुणं मागं पडलं, नसरापुराला एसटी वळली, मार्गासनीला एक जण ट्रान्झिस्टर छातीशी धरून चढला आणि घाट येताच त्यातली खरखर तेवढी उरली. वेल्ह्याला उतरलो तर समोर तोरणा, माथ्यावर ऊन. पुढे पायी. पहिल्याच ओढ्यात चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन चालू लागलो.

वाटेत एका खळ्यावर भाताची मळणी चालली होती. तिवड्याला (खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब) दोन बैल जुंपलेले. शेतकऱ्यानं विचारलं, "पावनं, कुठं निगालं?"

"पासलीला. शाळेत."

"बाईंचं मालक व्हय?" त्याची बायको पेंढा उलटता उलटता म्हणाली. "बाई लई बोलत्यात. तुमी न्हाई वाटतं?"

मी बैलांकडे बघत राहिलो. एक पाय उचलायला तयार नव्हता, दुसरा थांबायला.

"ही जोड जमत नसेल," मी म्हणालो.

"नांगराला न्हाई जमत," शेतकरी म्हणाला. "मळणीला ब्येस. थंड बैल तिवड्याजवळ, चपळ भाईर. भाईरच्याला चाल जास्ती. फेरा दोगांचाबी एकच."

"आमच्यात ह्ये तिवड्याजवळचं," बायको म्हणाली. त्यानं नुसतं "हं" केलं.

"दोघांना वेगळं बांधलं तर?"

"मग मळणी कुनी करायची?" असं म्हणून त्यानं मला गुळाचा चहा दिला.

पासलीला पोचलो तेव्हा सुमन चुलीपुढे होती. माझे अनवाणी पाय बघून हसली. तांदळाची भाकरी, घेवड्याची उसळ वाढली. शाळेतल्या खडूच्या पेटीत उंदरानं पिलं घातली ती हकीकत रंगात आली होती.

"सुमन, तो बदलीचा अर्ज मी टाकलाच नव्हता."

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उतरवली नाही.

"दादा मला बोलले, तेव्हा?"

"तेव्हाही मला माहीत होतं."

मग मीच बोलत राहिलो. शांततेचं, खणाचं, तेराव्याला वाटलेल्या भीतीचं, सगळं सांगितलं. लग्नानंतर प्रथमच त्या घरात बोलणारा मी एकटा होतो.

सकाळी ती मला वेल्ह्यापर्यंत पोचवायला आली. अर्ध्या वाटेवर, खाचरांच्या बांधावरून पुढे चालता चालता म्हणाली, "मी बदली मागणार नाही. आता आई नाही. हितली चौथी मला सोडवत नाही. तुम्हीच वेल्ह्याला बदली मागा."

"मी? तुला चालेल?"

"राग गेलेला नाही. पण तो तुमच्यासमोर काढायचाय, पत्रातून नाही." थोडं चालून म्हणाली, "अर्ज तुम्ही लिहा. टाकणार मी."

"आणि वसंतराव?"

"त्यांना मी सांगणार नाही. तेवढं बोलणं तुमचं."

एसटी सुटताना ती कंडक्टरला बजावत होती, "यांना नसरापुरी चपला घ्यायला उतरू द्या हो." मला हसू आलं, आणि बरंही वाटलं.

जुळणं म्हणजे सारखं असणं, असं मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. आता अर्ज गेला आहे. उत्तर यायचं आहे, आणि वेल्ह्यात खोली मिळेल का, याची मी आतापासून चौकशी करतो आहे.

वसंतरावांकडे मात्र अजून गेलेलो नाही. सुमननं आईला टाकलं नव्हतं, मी तिला येऊ दिलं नव्हतं, हे त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडावर सांगणं माझ्याकडे बाकी आहे.