परसातला नारळाचा बुंधा

काल शेजाऱ्यांनी परसातला नारळाचा कुजका बुंधा उपटला आणि तो आंबूस, घशाला चिकटणारा वास थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरला. मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

तंजावूरच्या राजवाड्यामागे आमचं घर, आणि परसात असाच एक बुंधा होता. नवऱ्याने आणि मी पहारीने तो आडवा केला, तर खालच्या काळ्या भुशात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक माझ्या पावलावर पडली, थंड आणि बुळबुळीत. नवरा "अय्यो!" म्हणत विहिरीकडे पळाला. तेवढ्यात सासूबाई आल्या. तोवर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत. आता ओरडतील असं मला वाटलं, पण त्यांनी वाकून पाहिलं आणि तिथेच भडाभडा ओकल्या. मी त्यांचं कपाळ धरलं.

तोंड पुसत त्या म्हणाल्या, "तूं पण ओक गे, लाजूं नको."

मी ओकले. त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. मग दोघी पायरीवर बसून नाकाला पदर लावून थुंकत राहिलो. तेव्हा सगळ्याचीच शिसारी आली होती. आज वाटतं, त्या घरची सून मी त्या सकाळी झाले.