गवंडीकाम, शिव्या वगळून

भिंत बांधताना थापीवरून थोडा माल खाली सांडतोच. माल म्हणजे कालवलेलं सिमेंट आणि रेती. शहाणा गवंडी तो ओला असतानाच गोळा करून परत कामाला लावतो. एकदा का सुकला, की तो जमिनीला चिकटून बसतो आणि येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो. आमच्या सेंटरवरच्या किश्शांचं तसंच झालंय. वेळच्या वेळी कुणाला सांगितले नाहीत, आता कुठेही पाऊल टाकलं की पायाला लागतात. बहुतेक किश्शांत आपटलेला माणूस मीच आहे, तेव्हा कुणाची बदनामी व्हायची भीती नाही.

*

उमेदीची सगळी वर्षं मी गल्फमध्ये गवंडी होतो. ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकलो, तो नुसतं "वीट दे" एवढं सांगायला ऐसपैस वाक्य वापरायचा. त्यात 'वीट' आणि 'दे' सोडून बाकी सगळं माझ्या घराण्याविषयी असायचं. गवंडीकाम आणि शिव्या मी एकदमच शिकलो, एकाच तोंडून. हे दोन वेगळे विषय आहेत, हे मला कुणी सांगितलंच नाही.

कायमचा परत आलो तेव्हा कोकणात नुकतंच मोठं वादळ होऊन गेलं होतं. दिवेआगरपासून आमच्या गावापर्यंत बागायती वाड्यांतली सुपारीची झाडं आडवी झालेली, भिंती खचलेल्या आणि गवंडी औषधालाही मिळेना. मग एका संस्थेनं आमच्याकडे बांधकाम शिकवायचं सेंटर काढलं. तिथल्या मुख्य मॅडम मूळच्या पालीच्या. समुद्रापासून लांब वाढलेल्या, आणि त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. त्यांनी इंटरव्ह्यूला मला कोपरा बांधायला सांगितला. मी बांधला. शेवटची वीट माझ्या अंगठ्यावर पडली आणि मी तिला उस्तादाच्या भाषेत समजावलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काम छान आहे," त्या म्हणाल्या. "पण बॅचमध्ये बायका आहेत, मुली आहेत. परीक्षा होईपर्यंत तुमचं प्रोबेशन. असं एकदा जरी तोंडातून गेलं, तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका."

मी मान डोलावली. ही नोकरी गेली तर परत विमान, परत ती खाटेवर खाट रचलेली खोली आणि परत बायको फोनच्या काचेत. मला रोज संध्याकाळी शोभाच्या हातची गरम भाकरी खायची होती. त्यासाठी मी तोंडाला कुलूप लावायला तयार होतो. फक्त त्या कुलपाची चावी माझ्याकडे कधीच नव्हती, हे मॅडमना माहीत नव्हतं.

*

पहिल्याच आठवड्यात गोविंदानं एक भिंत रचली. गोविंदा हा भातशेतीवाल्या घरातला, अंगानं रेडा आणि स्वभावानं गरीब गाय. त्याची भिंत बघून मी तोंड उघडलं आणि आतून काही बाहेरच येईना. माझं प्रत्येक वाक्य शिवीनंच सुरू व्हायचं. ती काढून टाकली तर सुरुवात कुठून करायची? मी तोंड मिटलं. उघडलं. परत मिटलं. शेवटी डोळे बंद करून नुसता उभा राहिलो.

बॅचमध्ये नसीम नावाची मुलगी होती. भाऊ कुवेतला, आईबरोबर घरी ही एकटी. बोलणं कमी, पण नजर पक्की. तिनं घरी जाऊन सांगितलं, "आमचे सर फार अल्लावाले आहेत, अम्मी. चूक झाली की गुस्सा करत नाहीत. डोळे मिटून दुआ मागतात."

हे गावभर फिरून शोभाच्या कानावर आलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली. त्या संध्याकाळी मी अल्लावाला माणूस करपलेली भाकरी खाऊन उठलो.

*

उपाय मात्र तिनंच काढला. "शिवी तोंडाशी आली ना, की माशाचं नाव घ्या. तसंही तुमच्या डोक्यात दुसरं काय असतं?"

दुसऱ्या दिवशी गोविंदानं माल इतका पातळ कालवला, की तो थापीवर ठरेना.

"अरे बोंबील!" मी ओरडलो.

गोविंदानं मागे वळून बघितलं. "कुठं हाय, सर?"

हळूहळू पद्धतच पडून गेली. माल पातळ झाला, तर बोंबील. वीट ओळ सोडून बाहेर आली, तर निवटी, कारण निवटी चिखलात अशीच कुठूनही कुठे उडी मारते. आणि काम फर्मास झालं, तर जिताडा. रायगडात याच्यावर पदवी नाही. बॅचला वाटलं, हे गवंडीकामातले खास शब्दच असावेत. मीही कुणाचा गैरसमज दूर करायला गेलो नाही.

*

आणि एके दिवशी हिरामावशी तरातरा मॅडमच्या ऑफिसात गेली.

हिरामावशी म्हणजे आमच्या बॅचमधली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. सकाळी बाजारात मासळी विकायची आणि दुपारी थापी धरायची. वादळात तिच्या घराची एक भिंत पडली होती, आणि ती दुसऱ्याकडून बांधून घेणार नाही, असं तिनं जाहीर केलं होतं. ती ऑफिसात शिरताना दिसली आणि माझं धाबं दणाणलं. कधीतरी माझं कुलूप नक्की निसटलं असणार. मी मनातल्या मनात पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आठवायला लागलो.

मॅडमनी मला बोलावलं. "यांची तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

"व्हय," मावशी म्हणाली. "यो मिस्त्री उठसूट आमच्या बोंबलाला नावं ठेवतो. माल सांडला, बोंबील. पातळ झालं, बोंबील. त्या बोंबलावर माझी पोरं मोठी झाली, मॅडम. मना न्हाय चालणार."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी तर मासेवालीशी केलं होतं. सगळा प्रकार मला मॅडमसमोर पहिल्यापासून सांगावा लागला. कुठल्या शिवीच्या जागी कुठला मासा, हे मात्र मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

"तक्रार बोंबलाची आहे, विद्यार्थ्याची नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून सोडते. पण यापुढे प्रत्येक माशाला मान द्यायचा."

तेव्हापासून माल पातळ झाला, की मी 'बोंबीलराव' म्हणतो.

*

भिंतीचे दोन कोपरे एका पातळीत आहेत का, ते बघायला आम्ही पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वापरतो. दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर आलं, की पातळी मिळाली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हिरामावशी. 'वर' आणि 'खाली' हे शब्द तिला मिळमिळीत वाटले असावेत.

"भरती," ती ओरडली. मग, "ओहोटी." मग परत, "भरती."

"पाणी स्थिर होऊ द्या, मावशी."

"व्हत न्हाय."

इथे मी सगळ्या बॅचला गोळा करून धीर या विषयावर लेक्चर दिलं. गवंड्याचं अर्धं काम हातात असतं आणि अर्धं थांबण्यात. आजकाल कुणाला थांबायला नको. पाण्याला घाई करून चालत नाही. चांगलं रंगलं होतं. मावशी मधूनच सांगत होती, "दर्या मिस्त्रीचं ऐकत न्हाय."

शेवटी नसीम हळूच म्हणाली, "सर, पाय."

"काय पाय?"

"तुमचा पाय नळीवर आहे."

मी पाय उचलला. पाणी सरसर चढलं आणि तिकडून आवाज आला, "आली भरती." त्या दिवशी माझ्या तोंडाशी आलेला मासा शार्कएवढा होता.

*

काटकोन बघायच्या लोखंडी पट्टीला आम्ही गुण्या म्हणतो. सेंटरमध्ये गुण्या एकच होता आणि तो कायम गोविंदाकडे असायचा. त्यामुळे दिवसभर "गुण्या-गोविंदा कुठंयत?" असं चाललेलं असायचं. मॅडम फोनवर वरच्या ऑफिसला सांगायच्या, की आमच्याकडे सगळं गुण्यागोविंदानं चाललंय, आणि त्यात एका शब्दाचीही थाप नसायची.

तर एकदा गोविंदा भातलावणीला गेला आणि गुण्या त्याच्याबरोबर पिशवीतून गेला. "काही अडत नाही," मी छाती काढून म्हणालो. "खरा गवंडी डोळ्यानं काटकोन लावतो. बघा." आणि मी सगळ्यांसमोर झोकात कोपरा बांधला.

गोविंदा परत आल्यावर त्यानं भाबडेपणानं गुण्या माझ्या कोपऱ्याला लावला. एका बाजूनं गुण्या आणि भिंत यांच्यात त्याची करंगळी सहज जात होती. मग नसीमनं अगदी अदबीनं विचारलं, "सर, याला निवटी म्हणायचं का?"

*

प्लास्टर केलं, की त्याला रोज पाणी मारावं लागतं. मी बजावून ठेवलं होतं, की काहीही होवो, पाणी चुकवायचं नाही. एकदा असा पाऊस लागला, की समोरचं झाड दिसेना. मी सेंटरवर पोचलो, तर गोविंदा एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं पाइपनं भिंतीवर पाणी मारत होता.

मी उभ्या उभ्या समुद्रातले सगळे मासे संपवले आणि खाडीतल्यांकडे वळलो. गोविंदा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, जरा छत्री धरता? एका हातानं वरपर्यंत जात न्हाय."

मागून मॅडम येत होत्या, म्हणून मी छत्री धरली.

*

या भाषेचा संसर्ग कुठवर गेला म्हणाल, तर शोभानं एका रविवारी विचारलं, "जेवण कसं झालंय?"

"जिताडा," मी मनापासून म्हणालो.

"अहो, मटण आहे."

आणि बाजारात कुणी गिऱ्हाईक हिरामावशीला जिताडा ताजा आहे का विचारायला लागलं, की ती तो शेपटीला धरून उभा टांगते, आम्ही भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन टांगतो तसा, आणि सांगते, "बघून घ्या. ओळंब्यात हाय."

*

परीक्षेच्या दिवशी बाहेरून साहेब आले. प्रत्येकानं आपापली भिंत बांधायची, साहेबांनी मार्क द्यायचे आणि संध्याकाळी मॅडमनी माझ्या नोकरीचं काय ते सांगायचं. शोभानं निघताना बजावलं होतं, "आज माशाचंसुद्धा नाव घेऊ नका. नुसतं हसा."

मी हसत होतो. सकाळपासून हसून गाल दुखायला लागले होते. गोविंदाची भिंत बरी झाली. मावशीची झकास झाली. आणि नसीमची भिंत बघून तर मी जागीच थांबलो. सरळ ओळी, सारखे सांधे, कोपरा असा की गुण्यानं मान खाली घालावी. एवढी चांगली भिंत त्या वयात मला बांधता आली नव्हती. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. ती बाजूला उभी राहून ओढणीला हात पुसत होती आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत होती.

साहेब आले. त्यांनी भिंत वरून खाली बघितली, खालून वर बघितली. म्हणाले, "दिसते तर ठीक. मजबूत आहे का?" आणि नुकत्याच रचलेल्या त्या ओल्या भिंतीला त्यांनी तळहातानं दणकन ढकललं.

वरच्या विटा पलीकडे गडगडल्या. नसीमच्या तोंडातून नुसता श्वास आल्यासारखा आवाज आला.

आणि माझ्या तोंडातून ती गेली. एक नाही, अख्खी रांग, उस्तादानं शिकवली होती तश्शीच, साहेबांच्या घराण्यापासून त्यांच्या तळहातापर्यंत. मी ती ऐकत होतो, पण थांबवता येत नव्हती. संपली तेव्हा गोविंदानं गुण्या छातीशी धरला होता. मला डोळ्यांसमोर विमान दिसत होतं.

साहेब लालबुंद झाले होते. "काय म्हणालात? काय म्हणालात तुम्ही मला?"

मी काही बोलणार, तेवढ्यात हिरामावशी हातातली थापी खाली ठेवून पुढे आली.

"माशाचं नाव हाय ते, साहेब," ती म्हणाली. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "हा मिस्त्री तसंच बोलतो, कुणालाबी विचारा. आपल्याकडं गावत न्हाय तो मासा. गल्फचा हाय."

"व्हय, गल्फचा," गोविंदा म्हणाला.

"माझ्या भावानं खाल्लाय," नसीम डोळे पुसत म्हणाली.

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. आम्हीही सगळे मॅडमकडे बघायला लागलो.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "साहेब, भिंत ओली होती," त्या म्हणाल्या. "ओल्या भिंतीला हात लावायचा नसतो, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. मुलीला मार्क ढकलण्याआधीच्या भिंतीचे द्या."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि मिस्त्री, उद्या वेळेवर या. मी मासे खात नाही. पण हा आमच्या पालीतसुद्धा मिळतो."