धुऱ्यावरची बोर

नामदेवराव मशीनरूममधल्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. आमच्या टॉकीजचे ते ऑपरेटर, मी बुकिंग क्लार्क. पडद्यावर काहीही चालू असो, हा माणूस चौकोनी काचेला नाक लावून उभा आणि पडद्यावरच्या प्रत्येकाशी भांडणार. "अबे, तिकडं कुठं चालला? तो मांगं उभा हाये ना!" बाल्कनीतले लोक हसून वर बघायचे.

सत्तर सालच्या आसपास सकाळच्या खेळाला एक जुना इंग्रजी सिनेमा लागला. घोडे, गुरं आणि दोन शेजाऱ्यांच्या कुरणांमधलं कुंपण. एक म्हातारा कुंपणाचे खुंटे उपटून शेजाऱ्याच्या हद्दीत सरकवत राहतो. भांडण पेटतं, शेजारी मरतो आणि शेवटी म्हातारा एकटाच ते खुंटे जुन्या जागी रोवत बसतो. हॉलमध्ये डझनभर माणसं. नामदेवरावांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण सिनेमा त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळला होता. "हा बुढा म्हंजे आमचा दादा," ते मला रोज सांगायचे.

उमरेडकडे त्यांची शेती. दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या, मधे धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर वडिलांनी लावलेलं बोरीचं झाड. नामदेवराव नागपुरात सक्करदऱ्याला राहत, त्यामुळे त्यांचा हिस्सा बटईने, अर्ध्या पिकावर कसायला दिलेला. बटईदार दर दिवाळीला येऊन सांगे, की दादा नांगरताना धुरा कोरतो, वर्षाला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, स्वतःकडे ओढतो. तेवढ्यावर नामदेवरावांनी सख्ख्या भावावर दावा लावला, बोलणं तोडलं. स्वतः शेतात कधी गेला होतात, असं विचारलं की चिडायचे. "इमानदार मानूस हाये तो. खोटं काहून सांगीन?"

तारखेसाठी दादा नागपूरला आले, तेव्हा नामदेवरावांनी माझ्या हाती त्यांना पास पाठवला. भावाचे डोळे उघडावेत म्हणून! दादांनी टोपी मांडीवर ठेवून सगळा सिनेमा पाहिला. बाहेर पायऱ्यांवर नामदेवराव वाट अडवून उभे.

"पाह्यलं? खुंटे कोन सरकवते ते?"

"पाह्यलं गा. पाच वर्सांपासून तेच पाहून राहिलो. एकडाव बोरीपाशी ये, नामदेवा. मले दुसरं काही नाई पाहिजे."

"जे बोलाचं ते कोर्टात बोल."

मी शेजारीच होतो. जाऊन या हो, एवढं म्हणायला काय झालं होतं मला? मूग गिळून उभा राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात दादा गेले. तेरवीला एकट्याने जायची नामदेवरावांची हिंमत होईना, म्हणून मला सोबत नेलं. जेवणं झाल्यावर ते पुतण्याला घेऊन शेताकडे निघाले, मागे मी. बोर लांबूनच दिसली. ती नामदेवरावांच्या शेतात उभी होती. धुरा तिच्या पलीकडे, दादांच्या जमिनीत चांगला दहा पावलं आत गेलेला. कोरणारा बटईदारच होता.

नामदेवरावांनी बोरीच्या खोडाला हात लावला.

"त्यानं ये म्हटलं होतं ना गा?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

त्यांनी पुतण्याकडून फावडं मागितलं आणि सरकलेल्या धुऱ्याची माती परत बोरीकडे ओढायला सुरुवात केली. "काका, राहू द्या ना, ऊन लागते," पुतण्या म्हणत राहिला. ते थांबले नाहीत.

दावा त्यांनी आठवड्याभरात मागे घेतला. त्यानंतर मात्र मशीनरूममध्ये ते खुर्चीवर बसू लागले. पडद्यावर कोणी कोणावर मागून चालून आलं, तरी वरून कधी आवाज आला नाही.