जानरावांची एकच प्रत

पिंपळगाव राजाच्या वाचनालयात ई-पुस्तकसुद्धा परत करावं लागतं. हा नियम जानरावांचा.

जानराव तिथले ग्रंथपाल. सकाळ-संध्याकाळ वाचनालय, मधल्या वेळात शिवणयंत्र. अंगाने सडपातळ, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. बुलढाण्याच्या प्रशिक्षणात त्यांना ई-पुस्तकांनी भरलेला पेनड्राइव्ह मिळाला. लेखकांची परवानगी आहे, हवी तितकी वाटा, असं सांगण्यात आलं. जानरावांनी ते शांतपणे ऐकलं, आणि गावी येऊन प्रत्येक पुस्तकापुढे लिहिलं : प्रत एक. सभासद आपला फोन किंवा टॅब आणतो, जानराव पुस्तक त्यात घालतात. ज्याच्या नावावर, त्यानेच ते हाती धरायचं, आणि पंधरा दिवसांनी जानरावांसमोर पुसायचं. मग पुढच्याला मिळतं.

"भाऊ, याच्या पाह्यजे तितक्या कॉप्या होतात," शेखर मास्तर म्हणाले.

"होतात. मंग इथं कोणी काऊन येईन?"

मास्तरांनी नंबर लावला. गावही रुळलं. अडचण आली ती सरस्वतीबाईंच्या घरात.

सरस्वतीबाईंना मोतीबिंदू. छापील अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची. टॅबवर त्यांनी अक्षर बोराएवढं केलं आणि एक खुनाची कादंबरी सुरू केली. पडद्यावर जेमतेम दोन ओळी मावायच्या, त्यामुळे खून व्हायलाच आठवडा गेला. मुदत संपली तेव्हा खुनी सापडायचा होता. पुढचा नंबर त्यांच्याच सुनेचा, वंदनाचा. वंदनाने सासूचं पितळी घंगाळ मोडीत देऊन मिक्सर आणल्यापासून दोघींचं बोलणं राजकुमारमार्फत चालायचं. राजकुमार एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा.

घरात टॅब एकच. जानरावांनी सरस्वतीबाईंसमोर कादंबरी पुसली आणि वंदनाच्या नावावर त्याच टॅबमध्ये पुन्हा घातली. सरस्वतीबाईंनी तिथल्या तिथे परत नंबर लावला.

घरी येऊन त्या राजकुमारला म्हणाल्या, "खून कोणं केला ते समजल्याबिगर मी डोळ्याले हात लावू देत नाही. डोळा गेला तं मंग?"

खामगावच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. राजकुमार वाचनालयात धावला.

"मायले एक कॉपी द्या, जानरावभाऊ."

"पुस्तक बाहेर हाये."

"बाहेर कुठं? आमच्याच घरात हाये!"

"मंग तं जवळच हाये," जानराव म्हणाले. "वाचून दाखवाले मनाई नाही. सूनबाईले सांग."

राजकुमारने निरोप पोचवला. संध्याकाळी वंदना ओसरीवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली, पहिल्या पानापासून. सरस्वतीबाईंनी राजकुमारला हाक मारली. तो गोठ्यात होता. शेवटी त्यांनाच बोलावं लागलं.

"हे सारं मले माहीत हाये. पुढचं वाच."

"मले माहीत नाही न, आत्याबाई."

"तो वकील मरते."

"काऊन सांगतलं!" वंदना चिडली. पण एकही पान तिने सोडलं नाही.

रोज थोडं थोडं वाचन होऊ लागलं. वकील मेला. वंदनाचा संशय डॉक्टरवर गेला.

"घंगाळ मोडणारीले काय समजते त्यातलं?" सरस्वतीबाई म्हणाल्या.

"मिक्सरातली चटणी खाता तवा बरी समजते."

पुढचं पान उलटलं. राजकुमार गोठ्यातून लवकर येईनासा झाला.

ऑपरेशनच्या सकाळी शेवटचं प्रकरण उरलं होतं. वंदनाची मुदतही त्याच दिवशी संपत होती. दुसऱ्याच्या हाती पुस्तक द्यायचं नाही असा नियम असल्यामुळे राजकुमारऐवजी वंदनाच खामगावला गेली. दवाखान्याच्या बाकावरून तिने जानरावांना फोन लावला.

"मुदत वाढवून द्या, भाऊ."

"नंबर लावेल हाये. त्यायची हरकत नसंन तं देतो."

"कोणाचा नंबर?"

"सरस्वतीबाईंचा. जवळ असतीन तं द्या फोन."

वंदनाने फोन शेजारी दिला.

"देऊन टाक बाप्पा तिले," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मी ऐकून राह्यली."

"मंग तुमचा नंबर काढून टाकू?"

"काऊन? मले वाचाचं नाही काय?"

जानरावांनी मुदत वाढवली आणि नंबर तसाच ठेवला. नर्स डोळ्यात टाकायचं औषध घेऊन आली. सरस्वतीबाईंनी तिला बाकाच्या टोकाला बसायला जागा करून दिली.

"बस पोरी," त्या म्हणाल्या. "खुनी सापडूनच राह्यला."